अक्षरं मोठी होण्याची तक्रार

जावकरावांना ते यंत्र मिळालं, ते भिंतीवरची घड्याळं संपली होती म्हणून.

त्यांच्या कार्यालयात पंचवीस वर्षं एकही शेरा ओढवून न घेता काढली की घड्याळ देत. आदल्या वर्षी एकदम सहा जण निष्कलंक निघाले आणि साठा आटोपला. मग मोठ्या साहेबांनी बाजारातून घाईघाईने एक चपटी पेटी मागवली, ती दोन्ही हातांनी जावकरावांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "यात पुस्तकं आहेत. वाचा." हे बक्षीस आहे की शिक्षा, ते त्यांच्या सुरावरून कुणालाच कळलं नाही. टाळ्या मात्र झाल्या.

जावकराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. जावक विभागाच्या टेबलावर बसून बसून ते पडलं होतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर क्रमांक टाकायचा, वहीत नोंदवायचा आणि पत्राला वाटेला लावायचं. आत येणाऱ्या पत्रांचं टेबल वेगळं, माणूसही वेगळा. त्या माणसाशी जावकरावांचं फारसं पटत नसे. जगात जे काही नवं येतं ते आधी त्याच्याकडे जातं, असा त्यांचा जुना सल होता.

पेटीतून निघाला तो ई-बुक रीडर. तळहाताहून थोडा मोठा, राखाडी, पाठीवरून बोट फिरवलं तर मांजराच्या कानासारखा मऊ. बायकोने उलटसुलट करून पाहिला आणि "पाटी आहे" असा निकाल दिला. आत वीस पुस्तकं आधीच भरलेली होती. जावकरावांनी शिस्तीला धरून पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिलं पुस्तक म्हणजे एक लांबलचक, संथ कादंबरी होती. एका रुंद नदीच्या वळणावळणावर खांब उभे आहेत, खांबांवर दिवे आहेत, आणि एक माणूस होडीतून एकेका दिव्याला तेल घालत चालला आहे. बस. पहिल्या साठ पानांत याहून काही घडत नव्हतं. जावकरावांना ते फारच आवडलं. क्रमाने एक एक काम उरकत जाणारा माणूस त्यांना पुस्तकात पहिल्यांदाच भेटत होता.

पाच वाजता घरी आले की ते बाल्कनीतल्या खुर्चीत बसत. समोर दोन इमारतींच्या फटीतून उतरतं ऊन येई. वाऱ्याने दोरीवरचे कपडे हलत, त्यांची सावली पडद्यावरून सरके आणि अक्षरांखालून पाणी वाहतंय असं वाटे. तिसऱ्या दिव्याशी धुकं असायचं. चौथ्याशी कुणीतरी काठावरून हाक मारायचं, पण होडीतल्या माणसाला शब्द लागायचे नाहीत. त्या हाकेपाशी जावकरावांची मान हळूच छातीवर येई. ते झोपत नसत, हे त्यांनी बायकोला अनेकदा बजावलं होतं. ते फक्त डोळे मिटून पुढचं बघत.

पुढच्या सोमवारी यंत्र उघडलं, तर होडी आठव्या दिव्याला लागलेली.

जावकराव सहाव्यावर होते. सहावा दिवा, तुटकी काच, काजळी पुसायला घेतलेलं फडकं. इथे आठवा, आणि शेजारी पांढरं घर. बरं, अक्षरं! काल मुंगीएवढी होती ती आज झुरळाएवढी. अख्ख्या पडद्यावर चाळीस-पन्नास शब्द. त्यांनी मागे जाऊन सहावा दिवा शोधला, अक्षरं लहान केली आणि घडल्या प्रकाराची मनातल्या मनात नोंद घेतली.

मंगळवारी नववा दिवा. बुधवारी अकरावा, आणि पडद्यावर मोजून नऊ शब्द. एकेक अक्षर दुकानाच्या पाटीवरच्यासारखं.

"तू हात लावलास का याला?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी? बारा ते साडेपाच मी शिवणवर्गात असते. चौदा बायका आणि सहा मशिनी. तुमच्या पाटीला हात लावायला तिसरा हात आणू कुठून?"

हे खरं होतं. दुपारी घरात असत फक्त सासूबाई, आणि त्यांना विचारण्याचा प्रश्नच येत नव्हता. एक तर सासूबाई आपल्या खोलीत, मांडीवर वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी बसलेल्या. दुसरं म्हणजे त्या जावयाशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, अढी नव्हती. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तेहतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या लाइनी जोडून दिल्या होत्या. चार वर्षांपूर्वी त्या लेकीकडे राहायला आल्या तेव्हा जावकराव पुढे होऊन म्हणाले होते, "आई, आता तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बसायचं." बोलणाऱ्याच्या मनात माया होती, पण ऐकणारीच्या कानात भलतंच वाजलं. तेव्हापासून सगळं लेकीमार्फत. "त्यांना विचार, भात वाढू का." "आईंना सांग, अर्धाच." दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर बसलेली असत, हे सांगायला नकोच.

तेव्हा उरले स्वतः जावकराव. आपण झोपेत वाचतो की काय, या शंकेने त्यांना घेरलं. झोपेत चालणारे ऐकले होते, बोलणारे तर शेजारीच राहत होते, पण झोपेत पाच दिवे पुढे जाणारा माणूस? शेवटी त्यांनी डोळ्यांवर ठपका ठेवला आणि चष्मेवाल्याकडे गेले. चष्मेवाल्याने हनुवटी लोखंडी पट्टीवर ठेवायला लावून बराच वेळ आत डोकावून पाहिलं, जणू कुणी घरात आहे का ते बघतोय. मग नवा चष्मा दिला. नव्या चष्म्यातून नऊ शब्द होते त्याहून टपोरे दिसू लागले.

शेजारच्या रेडिओवाल्यांना ही हकिगत जिन्यात कळली. रेडिओ दुरुस्तीचा त्यांचा धंदा बंद होऊन जमाना लोटला होता, पण निदान करण्याची हौस शाबूत होती. त्यांनी यंत्र कानाशी धरलं, एक टिचकी मारली.

"हवेतून येतंय हे."

"काय?"

"दुसरं कुणीतरी हेच पुस्तक वाचतंय, आणि त्याचं वाचन तुमच्यात घुसतंय. पूर्वी नाही का, बातम्या लावल्या की मागून गाणं ऐकू यायचं? तसंच. स्टीलच्या डब्यात ठेवा. घट्ट झाकणाच्या."

जावकरावांचा यावर काडीचा विश्वास बसला नाही. घरी येऊन त्यांनी रवा दुसरीकडे काढला आणि यंत्र डब्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण उघडलं तर होडी तेराव्या दिव्याला. शिवाय डबा आतून पुसून लख्ख केलेला. हवेतून येणारं वाचन डबेही पुसतं, हे जावकरावांना जरा जास्तच वाटलं. पण आपणच तो आधी पुसला असेल, अशी त्यांनी समजूत घातली. माणूस स्वतःवर एकदा संशय घेऊ लागला की त्याच्या नावावर काहीही खपतं.

कार्यालयात बातमी पसरायला दीड दिवस लागला. आवक टेबलावरच्याने येऊन सर्वांदेखत विचारलं, "काय हो, झोपेत कितव्या पानावर?" मोठे साहेब जाता जाता थांबले आणि म्हणाले, "जावकराव, जरा विश्रांती घ्या." पंचवीस निष्कलंक वर्षांनंतर हे ऐकावं लागलं! जावकरावांचे कान तापले. त्यांनी त्याच दुपारी ठरवलं, दोष यंत्रात आहे आणि तो लेखी सिद्ध करायचा.

दुरुस्ती केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं. काचेच्या खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या, खांद्यावर शाल, समोर शिक्क्यांचा स्टँड.

"तक्रार?"

"अक्षरं आपोआप मोठी होतात. आणि गोष्ट आपोआप पुढे जाते."

बाईंनी मान वर केली. "गोष्ट पुढे जाते ही तक्रार आहे?"

"माझ्याशिवाय जाते."

"पहिली लिहिते. दुसरीचा रकाना नाही. बिल?"

बिल कार्यालयाच्या नावावर होतं. म्हणजे तक्रार कार्यालयाकडून यायला हवी, कार्यालयप्रमुखाच्या सहीने, जावक क्रमांकासह. जावकराव परत गेले, पत्र तयार केलं, साहेबांची सही घेतली, स्वतःच्या टेबलावर येऊन बसले, स्वतःच्याच तक्रारीवर स्वतःच क्रमांक टाकला, आणि परंपरा मोडू नये म्हणून पत्र दुसऱ्या दिवसापर्यंत ट्रेमध्ये राहू दिलं.

"तीन आठवडे," खिडकीतल्या बाई म्हणाल्या आणि राखाडी यंत्र एका पिशवीत घालून आत सरकवलं. जिना उतरताना जावकरावांना उगीचच वाटलं की आपण कुणालातरी वळणावर एकटं सोडून आलो.

त्या दिवशी जेवताना सासूबाई लेकीला म्हणाल्या, "त्यांना विचार, ते यंत्र दिसत नाही कुठं."

"आईंना सांग, दुरुस्तीला दिलंय."

"काय बिघडलं होतं, विचार."

"अक्षरं आपोआप मोठी होत होती."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो खाल्ला, पाणी प्यायल्या आणि "मला पुरे" म्हणून उठल्या. हे मात्र त्या कुणालाच उद्देशून म्हणाल्या नाहीत.

पुढचे दहा-बारा दिवस घर कसं ओसरल्यासारखं झालं. बायको म्हणाली, "आईचं काहीतरी बिनसलंय. विचारलं तर सांगत नाही." जावकरावांची स्वतःची संध्याकाळही रिकामी झाली होती. बाल्कनीत बसून ते कपड्यांच्या सावल्या बघत. होडी तिकडे कुणाच्या तरी कपाटात पिशवीत बंद. दिवे विझत असतील, असं काहीबाही मनात येई.

मग एका गुरुवारी कार्यालयात वाळवीचं औषध मारायचं म्हणून दुपारी दोनलाच सुट्टी झाली. जावकरावांनी किल्लीने दार उघडलं. घरात गार, पिवळसर शांतता. सासूबाईंच्या खोलीचं दार उघडं होतं. त्या खिडकीशी बसल्या होत्या, पाठ ताठ, मांडीवर वर्तमानपत्र. कुणी आल्याची चाहूल लागताच त्यांनी शांतपणे पान उलटलं.

वर्तमानपत्र उलटं होतं.

पहिल्या पानावरचा कुणी मोठा माणूस खाली डोकं वर पाय करून हात जोडत होता. सासूबाईंची नजर त्याच्यावर नव्हती, कशावरच नव्हती. थोडं थांबून, माणसाला एक पान वाचायला लागेल तेवढं थांबून, त्यांनी पुढचं पान उलटलं.

जावकराव एका पायात बूट तसाच ठेवून उभे राहिले. चार वर्षं! रोज सकाळी ते स्वतः तो पेपर त्यांच्या मांडीवर आणून ठेवत होते, आणि आपण सासूबाईंची किती काळजी घेतो असं त्यांना वाटत होतं. नऊ शब्दांचं पान, पुसलेला डबा, हातात राहिलेला घास, सगळं एकदम जागच्या जागी येऊन बसलं. लाइन जोडून द्यायला बायको घरात नव्हती.

"आई," ते म्हणाले, "तेराव्या दिव्यानंतर काय होतं हो?"

सासूबाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. नीट, चार कोपरे जुळवून.

"चौदावा विझलेला असतो," त्या म्हणाल्या. "तेल भरपूर असतं, तरी विझलेला. का, ते कळायच्या आधीच तुम्ही यंत्र नेलंत."

जावकराव पलंगाच्या कडेवर बसले.

"कधीपासून दिसत नाही?"

"कडेकडेचं दिसतं. मधोमध धूर. डॉक्टर म्हणाले, चष्मा बदलून उपयोग नाही. तुम्हाला सांगून काय झालं असतं? घरात एक सुस्कारा वाढला असता." त्या जरा थांबल्या. "त्या दिवशी धूळ पुसताना तुमच्या यंत्राला बोट लागलं आणि अक्षर मोठं झालं. आणखी लावलं, आणखी मोठं झालं. अहो, सहा वर्षांनी मी 'पाणी' हा शब्द वाचला. मग राहवेना."

"मग मागायचं ना!"

"तुम्हाला बक्षीस मिळालेली वस्तू. कुठल्या तोंडाने मागू? मी मोजून पुढं जायचे आणि मोजून मागं यायचे, तुम्हाला कळू नये म्हणून. पण गोष्टीत शिरलं की मोजणी चुकते. अक्षरं लहान करायला जावं, तर लहान झाली की नाही ते मला दिसणार कसं? तेहतीस वर्षांत एकदासुद्धा कुणाचं बोलणं चोरून ऐकलं नाही हो मी. म्हातारपणी चोरून वाचलं."

जावकरावांनी दुसरा बूटही पायात चढवला आणि निघाले.

"तक्रार मागे घ्यायची आहे," ते खिडकीपाशी धापा टाकत म्हणाले.

"घेता येत नाही," शालवाल्या बाई म्हणाल्या. "तक्रार एकदा आली की तिचा निकाल लागतो. एक तर दोष दूर झाला, नाहीतर दोष नव्हताच. नव्हताच असेल, तर तसं पत्र आणा, कार्यालयप्रमुखाचं. मग मी उघडते."

पंचवीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या चुकांना क्रमांक दिले, त्या जावकरावांनी दुसऱ्या दिवशी आपल्या हस्ताक्षरात लिहिलं: "सदर यंत्रात कोणताही दोष नसून, दोष आमच्या जावक विभागातील कर्मचाऱ्याच्या समजुतीत होता." मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. "जावकराव, हा शेरा होईल. तुमच्या नावावर पहिला."

"होऊ द्या, साहेब."

आवक टेबलावरच्याने पत्राची प्रत मागून घेतली आणि शेजारच्यालाही दाखवली. जावकरावांना अपमान जाणवला, नाही असं नाही. पण तो लांबून, काठावरून कुणीतरी हाक मारल्यासारखा. शब्द लागले नाहीत. त्यांनी क्रमांक टाकला आणि पत्र ट्रेमध्ये न ठेवता सरळ खिशात घातलं.

खिडकीतल्या बाईंनी पत्र वाचलं, शिक्का मारला, आत जाऊन पिशवी आणली. मग यंत्राला बांधलेली चिठ्ठी बघून म्हणाल्या, "अहो, हे तर कालच दुरुस्त झालंय! अक्षरं आता मोठी होणार नाहीत. आमच्या माणसाने ती सोयच बंद करून टाकली. बघा."

पडद्यावर मुंग्यांची रांग होती. जावकरावांनी बोट लावलं, पुन्हा लावलं. मुंग्या हलेनात.

"बाई," ते म्हणाले, "मला बिघाड परत करून हवा आहे."

"काय?"

"पहिल्यासारखा. अक्षरं मोठी व्हायला हवीत. जितकी होतील तितकी."

"वीस वर्षं इथे बसते मी," बाई म्हणाल्या. "बिघाड मागायला कुणी आलं नाही."

मागे सहा माणसांची रांग होती. जावकरावांनी एरवी आवाज खाली घेतला असता. "माझ्या सासूबाईंना मधोमध दिसत नाही," ते म्हणाले, चांगलं सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्या हे वाचत होत्या, मी दुपारी नसताना. मी मूर्खासारखी तक्रार केली. त्या चौदाव्या दिव्यापाशी अडकल्यात."

बाईंनी शाल सारखी केली, यंत्र उचलून आत गेल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या. नोंदवहीत कोणत्या रकान्यात लिहावं असा क्षणभर विचार केला आणि मग तीन रकाने मिळून आडवं लिहिलं: "ग्राहकाच्या विनंतीवरून बिघाड पूर्ववत."

"सही करा," त्या म्हणाल्या. "आणि चौदावा का विझला, ते कधी इकडे आलात तर सांगा."

सध्या जावकराव घरी आले की दोन खुर्च्या बाल्कनीत असतात. नऊ शब्दांचं एक पान, याहून लहान अक्षर लावायचं नाही असा नियम आहे. सासूबाई मोठ्याने वाचतात आणि पान उलटतात. जावकराव डोळे मिटून पुढचं बघतात. नऊ शब्दांनी होडी भारीच सावकाश जाते. एक वल्हं मारायला तीन पानं लागतात. पण त्यांना घाई नसते. चौदावा दिवा का विझला, ते कळायला पूर्ण आठवडा लागला, आणि त्यावर दोघांचं एकमत होईना. जावकरावांच्या मते दिव्याचीच चूक होती. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही झोपला होतात तेव्हा कारण येऊन गेलं."

"मी झोपलो नव्हतो, आई."

"मग सांगा बरं, काठावरच्या घरातली बाई खिडकीतून काय म्हणाली?"

जावकरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मागं जाऊ," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी अंगठ्याने पानं मागे घ्यायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, न मोजता. आत बायकोने येऊन पंखा लावला, पर्स ठेवली आणि चहाचं विचारलं. ती बाल्कनीच्या दारात आली. दोन खुर्च्या, दोन माना एकाच राखाडी पाटीवर वाकलेल्या. मग ती आत जाऊन तिसरी खुर्ची उचलून घेऊन आली.

"सुरुवातीपासून घ्या," ती म्हणाली. "मला काहीच माहीत नाही."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. चौदा दिवे मागे जायचं म्हणजे दीड महिन्याचं काम होतं.

"घेऊ," जावकराव म्हणाले आणि खुर्चीसाठी जरा सरकले.